कोयनाकाठचे जुने फोटो : त्यात काय दिसतं, साल कसं ओळखायचं आणि ते टिकवायचे कसे

पाटण, जावळी आणि महाबळेश्वर तालुक्यातल्या डोंगरी गावांत अजून बऱ्याच घरांत पत्र्याच्या ट्रंकेत, पोटमाळ्यावर किंवा देव्हाऱ्याच्या वरच्या भिंतीवर जुने फोटो आहेत. कुणाचा लग्नाचा, कुणाचा यात्रेचा, कुणाचा मुंबईच्या स्टुडिओत कोट घालून काढलेला. फोटो आहेत, पण त्यातली माणसं ओळखणारी माणसं कमी होत चाललीत, ही खरी अडचण आहे.

मागच्या उन्हाळ्यात धरणग्रस्तांच्या एका वसाहतीत गेलो होतो. तिथं एका घरी एकोणीस माणसांचा ग्रुप फोटो पाहिला. घरातल्या तरुण मंडळींना त्यातले फक्त आपले पणजोबा ओळखता आले. शेजारच्या आजींना बोलावलं. त्यांनी फोटो उजेडात धरला आणि बोट फिरवत चौदा नावं सांगितली. कोण कुणाचा जावई, कोण पुढं कुठल्या जिल्ह्यात गेला, तेही सांगितलं. ते सगळं आम्ही वहीत उतरवलं. उरलेली पाच माणसं आजींना आठवेनात. त्या म्हणाल्या, "ह्ये सांगणारा माझा दीर होता, तो गेला दोन वर्सामागं." त्या पाच जणांची नावं आता कुणालाच सांगता येणार नाहीत.

म्हणून हा माहितीपर लेख. फोटो वाचायचा कसा, त्याचं साल कसं काढायचं आणि तो जपायचा कसा, हे एका जागी मिळावं म्हणून लिहितोय.

आधी थोडं खोऱ्याबद्दल

कोयना नदी महाबळेश्वरला उगम पावते, डोंगररांगांमधून उत्तर-दक्षिण वाहते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. या वळणाच्या वरच्या अंगाला धरण बांधलं. काम १९५४ साली सुरू झालं आणि १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत पाणी अडलं. धरणाची उंची सुमारे १०३ मीटर, लांबी ८०७ मीटर. मागे जो जलाशय झाला तो शिवसागर. आजची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी.

नदीकाठची भातखाचरं आणि गावं पाण्याखाली गेली. माणसं काही वर डोंगरउतारावर सरकली, काही ठाणे, रायगड, रत्नागिरी, सांगली, सोलापूर अशा जिल्ह्यांत गेली. राज्याचा पुनर्वसनाचा पहिला कायदा १९७६ सालचा. म्हणजे कोयनेची गावं उठली तेव्हा असा कायदाच नव्हता. एकाच भावकीतली घरं चार जिल्ह्यांत पांगली आणि घरांबरोबर फोटोही पांगले. एका लग्नाचे दोन फोटो असतील, तर एक बामणोलीकडं आणि दुसरा रायगडात, असं होऊ शकतं.

नंतर ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला. १७५ च्या वर माणसं दगावली, कोयनानगर आणि आजूबाजूच्या गावांत घरं जमीनदोस्त झाली. त्या ढिगाऱ्यात किती पेट्या, किती फ्रेमा गेल्या असतील याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. पुढं १९८५ मध्ये कोयना अभयारण्य झालं आणि २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. त्यातही काही गावांना हलावं लागलं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की जुन्या घरांची जोती उघडी पडतात. त्या जोत्यांवर घर कसं उभं होतं, हे आता फक्त फोटोत दिसू शकतं.

फोटो कुणी काढले

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफीची संस्था निघाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी, तसंच हरिश्चंद्र चिंतामण ही त्या काळातल्या आपल्या फोटोग्राफरांची नावं. पण कॅमेरा तेव्हा अवजड होता. काचेच्या प्लेटा, रसायनं, तंबू असा सगळा पसारा. तो घेऊन डोंगरात कोण येणार? आले ते बहुतेक महाबळेश्वरला, आणि त्यांनी काढले ते पॉईंट, बंगले आणि दऱ्या.

माणसांचे फोटो इंग्रजांनी काढवून घेतले ते वेगळ्याच हेतूनं. १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड सरकारनं काढले. त्यात देशभरातल्या लोकांचे फोटो जातीजमातीच्या नावाखाली लावलेत. बहुतेक ठिकाणी जात लिहिलीय, माणसाचं नाव नाही. आपल्या घरातल्या फोटोंचं तसं होऊ द्यायचं नसेल, तर मागे नावं लिहिण्याला पर्याय नाही.

आपल्या डोंगरी गावांतले जे फोटो हाताला लागतात, त्यांचे साधारण चार प्रकार पडतात.

पहिला, मुंबईच्या स्टुडिओतला. पाटण-जावळीची माणसं गिरणीत आणि माथाडीत कामाला गेली. माथाडी कामगारांचे नेते अण्णासाहेब पाटील हे पाटण तालुक्यातल्याच मंद्रुळ कोळ्याचे. मुंबईत गावकीच्या खोलीत दहा-वीस जण दाटीनं राहायचे आणि पहिल्या पगाराचा फोटो घरी पाठवायचे. मागे रंगवलेला पडदा, शेजारी फुलदाणीचं स्टूल, अंगात कोट. तो कोट बऱ्याचदा स्टुडिओचाच असायचा. त्यामुळं कोट बघून "आजोबांची परिस्थिती चांगली होती" असं लगेच ठरवू नये.

दुसरा, फौजेतला. सातारा जिल्ह्यात घरटी फौजी असलेली गावं आहेत. सातारा तालुक्यातल्या अपशिंग्याचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. फौजी फोटोत टोपी, बिल्ला, खांद्यावरची अक्षरं नीट दिसली तर पलटण कळते.

तिसरा, फिरत्या फोटोग्राफरचा. लग्न, यात्रा, शाळा तपासणी, पुढाऱ्याचा दौरा अशा वेळी कराड, सातारा, मेढ्याहून फोटोवाला यायचा.

चौथा, गावातल्याच कुणाच्या कॅमेऱ्याचा. साठ-सत्तरच्या दशकात आगफा क्लिक थ्री हा कॅमेरा आपल्याकडं खूप चालला. एका रोलवर बारा चौकोनी फोटो निघायचे. मुंबईहून सुट्टीला आलेल्या चाकरमान्याच्या गळ्यात तो असायचा. घरच्या माणसांचे, पडवीतले, अंगणातले मोकळे फोटो बहुतेक या कॅमेऱ्यातले.

फोटोत काय नाही, तेही बघा

जुने फोटो बघून वाटतं की तेव्हा सगळे सणासुदीतच असायचे. तसं नव्हतं. फोटोवाला चैत्र-वैशाखात यायचा, कारण लग्नं आणि यात्रा तेव्हाच. आषाढ-श्रावणात वाट बंद, नाल्यांना पूर, कॅमेरा भिजायची भीती. त्यामुळं इरलं डोक्यावर घेऊन चिखलात भात लावणाऱ्या बायका, डोंगरउतारावर नाचणी-वरीची लावणी, पावसाळ्यात चुलीभोवती बसलेलं घर, हे फोटोत जवळपास सापडत नाही. वर्षाचे चार-पाच महिने ज्यात जायचे, तेच फोटोत नाही.

माणसंही सगळी दिसत नाहीत. ग्रुप फोटोत खुर्चीवर कोण, उभं कोण, जमिनीवर कोण आणि कडेला अर्धा कापला गेलेला कोण, हे नीट बघा. गावची उतरंड त्यात दिसते. बायका मागच्या ओळीत, पदर पुढं ओढलेल्या. पठारावरच्या गवळी धनगरांच्या वाड्या, कातकऱ्यांची घरं, गावकुसाबाहेरची वस्ती यांचे फोटो फार कमी. त्यांच्याकडं एखादा फोटो असेल तर तो सगळ्यात आधी जपला पाहिजे, कारण त्याला जोडीदार फोटो मिळण्याची शक्यता कमी.

साल कसं ओळखायचं

फोटोमागे तारीख नसेल तरी अंदाज काढता येतो. एकाच खुणेवर भरवसा ठेवू नका. दोन-तीन खुणा जुळल्या तरच साल धरा.

१) कागद आणि पुठ्ठा : जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला आणि खाली स्टुडिओचं नाव उठवलेला फोटो बहुतेक स्वातंत्र्याच्या आधीचा. कडा नागमोडी कातरलेल्या असतील तर साधारण चाळीस ते साठच्या दशकातला. चौकोनी काळा-पांढरा असेल तर बहुतेक साठ-सत्तरचा. रंगीत, पण आता सगळा लालसर-तांबूस झालेला, हा बहुतेक सत्तर-ऐंशीच्या दशकातला, कारण त्या काळातल्या कागदावरचे रंग सारखे टिकत नाहीत. कोपऱ्यात नारिंगी आकड्यात तारीख उमटलेली असेल तर तो त्याही नंतरचा. पण ती तारीखही तपासा, कॅमेऱ्यात चुकीची लावलेली असायची.

२) एसटी : आपल्या राज्याची एसटी १ जून १९४८ ला सुरू झाली. फोटोत एसटी दिसली की तो त्याच्या आधीचा नाही. गाडीवर किंवा कचेरीच्या पाटीवर 'महाराष्ट्र' दिसलं तर बहुतेक १ मे १९६० नंतरचा. नंबर 'एमएच-११' असेल तर १९८९ नंतरचा.

३) भिंतीवरचं कॅलेंडर : भिंगातून बघा. कालनिर्णय असेल तर १९७३ च्या आधीचा फोटो नाही. साल आणि महिना वाचता आला तर प्रश्नच मिटला.

४) घर : कुडाच्या भिंती आणि गवताचं छप्पर, मंगलोरी कौलं, पत्रा, मग स्लॅब. यात साल ठाम कळत नाही, कारण एकाच वाडीत तिन्ही एका वेळी असायचे. पण एकाच घराचे दोन फोटो असतील तर आधीचा कुठला ते कळतं. विजेचा खांब दिसतो का तेही बघा आणि गावात वीज कधी आली ते म्हाताऱ्या माणसांना विचारा.

५) कपडे : गांधी टोपी १९२० नंतर पसरली. मुंडासं, पागोटं, घोंगडं घेतलेली माणसं त्याच्या आधीही होती आणि नंतरही. बेलबॉटम दिसली की सत्तरचं दशक. नऊवारीवरून काही ठरवू नका, आमच्याकडं ती अजून नेसतात.

६) पाणी : आपल्या खोऱ्यातली सगळ्यात पक्की खूण ही. मागे अरुंद नदी आणि काठाला खाचरं दिसतात की रुंद जलाशय दिसतो? नदी असेल तर धरणाआधीचा, सागर असेल तर नंतरचा. मागच्या डोंगराची कड ओळखता आली तर गावाची जागाही कळते. वासोटा, चकदेव, पर्वत यांच्या माथ्याची रेघ साठ वर्षांत बदललेली नाही.

दुसरीकडं काय केलं

धरणात गाव जाण्याआधी तिथल्या माणसांचे फोटो काढून ठेवायचे, हे अमेरिकेत १९३३ सालीच झालं. टेनेसी राज्याच्या डोंगराळ भागात क्लिंच नदीवर नॉरिस धरण बांधायचं ठरलं. ते काम टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी या सरकारी संस्थेचं. तिनं लुईस हाईन या फोटोग्राफरला पाठवलं. कारखान्यात राबणाऱ्या लहान मुलांचे फोटो काढून त्यानं आधीच नाव कमावलं होतं. बुडणार असलेल्या भागातली घरं, चुलीपाशी बसलेल्या बायका, शाळा, शेतं याचे फोटो त्यानं काढले. धरण १९३६ मध्ये पुरं झालं. ते फोटो आज तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि कुणालाही बघता येतात. त्या कुटुंबांची नातवंडं-पतवंडं आपलं घर त्यात शोधतात.

फोटो काढले म्हणून तिथल्या माणसांची जमीन वाचली नाही, ती गेलीच. पण गेली ती काय होती याची नोंद राहिली. आपल्याकडं त्याच टेनेसीच्या धर्तीवर १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ निघालं. धरणाची पद्धत आपण घेतली, पण घरोघरचे फोटो काढून ठेवायची काळजी कोयनेच्या वेळी आपल्या वाट्याला आली नाही. म्हणून जे काही आहे ते आपल्याच ट्रंकांमध्ये आहे.

जपायचं कसं

पहिली चूक माझीच सांगतो. आजोबांचा एकुलता एक फोटो खराब होईल म्हणून मी तालुक्याच्या गावी जाऊन लॅमिनेशन करून आणला. चार-पाच पावसाळ्यांत कडेनं हवा शिरली, आत डाग पडले आणि आता प्लॅस्टिक सोडवायला जावं तर फोटोच सोलून येतो. तुम्ही हे करू नका. मूळ फोटो कधीच लॅमिनेट करायचा नाही. करायचा तर त्याच्या कॉपीचा करा.

बाकीच्या गोष्टी अशा :

– आमच्याकडच्या पावसात फोटोचा खरा शत्रू म्हणजे ओल. मग बुरशी आणि कसर. फोटो बाहेरच्या भिंतीवर, चुलीजवळ, पोटमाळ्यावर पत्र्याखाली ठेवू नका. आतल्या खोलीतल्या कपाटात, जमिनीपासून वर ठेवा.

– प्रत्येक फोटो वेगळ्या कोऱ्या कागदी पाकिटात घाला. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, तो कागद पिवळा पडतो आणि डाग देतो. चिकट पानांचे जुने अल्बम सगळ्यात वाईट. त्यातून फोटो सहज निघत असेल तर काढा, चिकटला असेल तर ओढू नका.

– डबा बंद ठेवणार असाल तर आत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्यानंतर बदला. कोरड्या दिवशी, वर्षातून एकदा-दोनदा, सावलीत उघडून बघा. कडक उन्हात वाळवायचा नाही.

– फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो सोडवायच्या भानगडीत पडू नका. काचेसकटच त्याचा फोटो काढून ठेवा.

– ओल्या फडक्यानं पुसू नका. मऊ कोरड्या ब्रशनं धूळ झटका. फोटो कडेनं धरा, मधे बोटं लावू नका.

– मागे लिहायचं तर मऊ शिसपेन्सिलनं, कडेला, हलक्या हातानं. बॉलपेननं नाही, त्याचा वळ पुढं उठतो. गुळगुळीत रंगीत फोटोवर पेन्सिल उमटत नाही, तिथं पाकिटावर लिहा.

– निगेटिव्ह सापडल्या तर त्या फोटोपेक्षा मोलाच्या. टाकू नका. स्टुडिओ बंद झाला की जुन्या निगेटिव्ह भंगारात जातात. ओळखीचा स्टुडिओवाला असेल तर आत्ताच विचारून ठेवा.

स्कॅनर मिळाला तर ६०० डीपीआयवर स्कॅन करा. नाही मिळाला तर मोबाईल पुरतो. खिडकीजवळ सावलीच्या उजेडात फोटो सपाट ठेवा, फ्लॅश बंद, कॅमेऱ्याची काच पुसून, मोबाईल अगदी समांतर धरून काढा. कडा कापू नका. मागची बाजूही काढा, तिथं शिक्का किंवा अक्षर असू शकतं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर फोटो बारीक होऊन जातो. हल्ली मोबाईलवर जुना फोटो रंगीत आणि चकचकीत करून मिळतो. हौस म्हणून करा, पण तो चेहरा यंत्रानं अंदाजानं भरलेला असतो. मूळ कॉपी तशीच वेगळी ठेवा.

नावांची वही

फोटो जपण्याइतकंच हे महत्त्वाचं. शाळेची दोनशे पानी वही पुरते. प्रत्येक फोटोला नंबर द्या आणि त्यापुढं एवढं लिहा : फोटो कुणाच्या घरचा, कुठं काढला, अंदाजे साल, कोण कोण आहेत (डावीकडून, ओळीप्रमाणे), कुणी सांगितलं, कधी सांगितलं.

शेवटच्या दोन गोष्टी टाळू नका. दोन म्हातारी माणसं एकाच चेहऱ्याला दोन नावं सांगतात, असं होतं. तेव्हा भांडत बसू नका, दोन्ही नावं सांगणाऱ्याच्या नावासकट लिहा. खात्री नसेल तिथं 'बहुतेक' लिहा. बायकांची नावं विचारताना सासरचं आणि माहेरचं दोन्ही विचारा, नाहीतर वहीत नुसतं 'अमक्याची बायको' एवढंच राहतं.

विचारायचं कधी? यात्रेला. पांगलेली भावकी वर्षातून एकदा तेव्हाच गोळा होते. देवळाच्या मंडपात एक टेबल, दोन पोरं, एक मोबाईल, एक वही. ज्यानं त्यानं घरचा फोटो घेऊन यायचं, तिथंच काढून घ्यायचा आणि मूळ फोटो लगेच परत द्यायचा. मूळ फोटो कुणाला 'आणून देतो' म्हणून देऊ नका, कितीही ओळखीचा असला तरी. ग्रुपवर टाकायच्या आधी घरच्यांना विचारा. काही फोटोंत जुनी दुखणी असतात.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण वसाहतीत मला हे विचारलं गेलं. जुना फोटो म्हणजे जमिनीचा किंवा धरणग्रस्त असल्याचा दाखला नव्हे. त्यासाठी सातबारा, संपादनाचे कागद आणि प्रकल्पग्रस्ताचं प्रमाणपत्रच लागतं. पण वारस कोण, भाऊ किती, घर कुठल्या वाडीत होतं, हे आठवायला फोटो कामी येतो आणि त्यावरून कुठला कागद कुठं शोधायचा ते कळतं.

गावं बुडाली तेव्हा पंधरा-वीस वर्षांची असलेली माणसं आज ऐंशीच्या आसपास आहेत. फोटो अजून काही वर्षं ट्रंकेत टिकेल, सांगणारं माणूस तेवढं थांबेल असं नाही. पुढच्या यात्रेची वाट बघायचीही गरज नाही. घरात म्हातारं माणूस असेल तर आज संध्याकाळी ट्रंक उघडा, एक फोटो त्यांच्या हातात द्या आणि वही घेऊन शेजारी बसा.